यादी करणाऱ्यांत तीही हवी

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. दगडमातीच्या जड घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. पुढे घरदुरुस्तीची सरकारी योजना आली. पण साहेब गावात आले की चावडीवर जमत ते पुरुषच. दिवसभर त्या घरात वावरणारी बाई उंबऱ्याआडच राही.

मग स्वयंसेवी संस्थेच्या साथीने शासनाने गावोगावच्या महिला मंडळांतील बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले. त्यांनी घरोघर योजना समजावली, भूकंपात टिकणारे बांधकाम शिकून घेतले, गवंड्याच्या कामावर नजर ठेवली. बाराशेहून अधिक गावांत हे काम चालले. २००१ मध्ये कच्छ हादरले, तेव्हा लातूर भागातल्या बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

पूर असो की भूकंप, धडा हाच. छावणीत शौचालय कुठे असावे, त्याला आतून कडी आहे का, वाटेवर दिवा आहे का, हे रात्री तिथवर जाणाऱ्या बाईला विचारा. मदतीच्या यादीत तिचे नाव असतेच. यादी करायला बसणाऱ्यांतही ती असू द्या.