गुठळीपर्यंत पोहोचण्याआधीचा तास



मेंदूच्या मोठ्या धमनीत अडकलेली गुठळी जांघेतून नळी नेऊन बाहेर काढता येते, याबद्दल आता वैद्यकात मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो पुढच्या प्रश्नावर. दापोडीपासून चाकणपर्यंतच्या या औद्योगिक पट्ट्यात हा उपचार अधिकाधिक माणसांच्या उपयोगी पडावा म्हणून पैसा आणि मेहनत आधी कुठे घालायची? अनेकांचे उत्तर असते, आणखी कॅथलॅब. मला ते पटत नाही. पहिला खर्च पहिल्या दारात व्हावा असे माझे मत आहे. रुग्ण जिथे प्रथम येतो तिथे साध्या सीटी स्कॅनच्या जोडीने, त्याच टेबलावर, सीटी अँजिओग्राफी व्हावी आणि पुढे त्याला कुठे न्यायचे हे आधीच ठरलेले असावे. या मताला आधार आहे तो या तंत्राच्याच इतिहासाचा.

अमेरिकेत २००४ मध्ये मर्सी नावाचे मळसूत्री तारेचे उपकरण मान्य झाले, त्यानंतर गुठळी शोषून घेणारी यंत्रणा आली. तरीही २०१३ मध्ये एकापाठोपाठ प्रसिद्ध झालेल्या आयएमएस-३, सिंथेसिस आणि एमआर रेस्क्यू या तिन्ही चाचण्यांत धमनीतून केलेल्या उपचाराचा फायदा दिसला नाही. आयएमएस-३ तर ६५६ रुग्णांनंतर निष्फळ ठरवून थांबवली गेली. दोनच वर्षांत चित्र उलटले. नेदरलँड्समधल्या एमआर क्लीन चाचणीत ५०० रुग्ण होते. स्वतःचे व्यवहार स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण १९.१ टक्क्यांवरून ३२.६ टक्क्यांवर गेले. २०१५ मध्ये आणखी चार चाचण्यांनी तेच सांगितले. पाचही चाचण्यांतल्या १,२८७ रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा असे दिसले की साधारण २.६ रुग्णांवर उपचार केले की एकाचे अपंगत्व निदान एका पायरीने कमी होते. तातडीच्या वैद्यकात इतका मोठा लाभ क्वचितच दिसतो.

हे श्रेय नव्या स्टेंट रिट्रीव्हरचे, असे सहज म्हटले जाते. ती जाळी गुठळीत उघडते, तिला धरून ठेवते आणि मागे खेचते, त्यामुळे जुन्या मळसूत्री तारेपेक्षा ती निश्चितच सरस आहे. पण २०१३ आणि २०१५ यांच्यात केवळ उपकरण बदलले नव्हते. आधीच्या चाचण्यांत पुष्कळ रुग्णांच्या मोठ्या धमनीत अडथळा आहे की नाही, हेच आधी पाहिलेले नव्हते. एमआर क्लीनमध्ये ते पाहणे सक्तीचे होते. एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्यावर कोणती प्रभावी ठरली ते कसे ठरवायचे? नंतरच्या चाचण्या त्याला मदत करतात. अस्टर (२०१७) आणि कंपास (२०१९) यांनी जाळीने ओढणे आणि नळीने शोषणे ही दोन अगदी वेगळी तंत्रे समोरासमोर ठेवली. निकाल जवळजवळ सारखा लागला. २०१८ च्या डॉन चाचणीत सहा ते चोवीस तास उलटलेले रुग्ण होते. प्रतिमा पाहून, मेंदूचा वाचवण्याजोगा भाग शिल्लक असलेलेच निवडले गेले, तेव्हा ४९ टक्के लोक स्वावलंबी झाले, तुलनेच्या गटात केवळ १३ टक्के. उलट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डिस्टल आणि एस्केप-मेव्हो या चाचण्यांत लहान व मध्यम धमन्यांतल्या गुठळ्या काढून पाहिल्या, तेव्हा लाभ दिसला नाही. हात तेच, साधने त्याच जातीची, धमनी वेगळी. म्हणून मी म्हणतो, गुठळी काढण्याच्या यशात रुग्णाच्या निवडीचा वाटा उपकरणाच्या वाट्याहून कमी नाही, आणि निवड कॅथलॅबमध्ये होत नाही. ती पहिल्या रुग्णालयातल्या सीटीच्या खोलीत होते.

डॉन चाचणीचा एक चुकीचा अर्थ आपल्याकडे फार लवकर रुजला: चोवीस तास आहेत, तेव्हा घाई नको. त्या चाचणीत असे लोक निवडले गेले ज्यांच्या मेंदूला बाजूच्या रक्तवाहिन्यांनी तग धरायला मदत केली होती. ज्यांचा मेंदू दोन तासांतच गेला, ते त्या आकडेवारीत आलेच नाहीत. त्या पाच चाचण्यांच्याच माहितीवरून २०१६ मध्ये मांडलेला हिशेब असा आहे: धमनी चांगली मोकळी झालेल्या दर हजार रुग्णांत, रुग्णालयाच्या दारापासून धमनी मोकळी होईपर्यंतची दर पंधरा मिनिटे वाचवली तर ३९ जणांचे अपंगत्व कमी राहते आणि त्यातले २५ जण स्वावलंबी होतात. पंधरा मिनिटे म्हणजे आपल्याकडे कागदपत्रांची, क्रिएटिनिनच्या अहवालाची किंवा नातेवाइकांच्या सहीची वाट. ज्याला मूत्रपिंडाचा पूर्वीचा आजार नाही, त्याची अँजिओग्राफी क्रिएटिनिनसाठी रोखू नये, असे मार्गदर्शक सूचनांतच म्हटलेले आहे.

आता दापोडी पाहा. इथे मुळा नदी दोन महापालिकांच्या मध्ये आहे. रुग्णवाहिका हॅरिस पुलावरून बोपोडीकडे, म्हणजे पुण्यात जाईल, की उलट पिंपरीकडे वळेल, हा निर्णय आज बऱ्याचदा घाबरलेला भाऊ किंवा सहकारी घेतो. तो निर्णय पूर्वनियोजित असायला हवा. कोणी म्हणेल, मग थेट मोठ्या केंद्रातच न्या. कॅटालोनियातल्या रेसकॅट चाचणीने (२०२२) शहरांपासून दूरच्या भागांत हा प्रश्न तपासला: आधी जवळचे केंद्र की थेट गुठळी काढणारे केंद्र? तीन महिन्यांनंतर फरक दिसला नाही. मी यातून असा अर्थ घेतो की मार्ग कोणताही घ्या, पहिले केंद्र चपळ हवे. दापोडीसारख्या जागी, लक्षणे तीव्र असतील तर, थेट मोठे केंद्र गाठणे योग्य. चाकणच्या पलीकडच्या वस्त्यांसाठी मात्र जवळचे सीटी अँजिओग्राफी असलेले रुग्णालय आणि तिथेच गुठळी विरघळवणारे इंजेक्शन. ते इंजेक्शन, टेनेक्टेप्लेज, आपल्याच हिंजवडीत गेनोव्हा ही कंपनी बनवते. इतक्या जवळ तयार होणारे औषध रात्री दोन वाजता शेल्फवर नसावे, हे मला मान्य होण्यासारखे नाही.

या पट्ट्याला एक अनुकूलता आहे आणि ती फारशी वापरली जात नाही. स्ट्रोकच्या उपचारात सर्वांत अडचणीचा प्रश्न असतो, रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला? घरी झोपेत झटका आला तर उत्तर मिळत नाही. कारखान्यात कामाच्या नोंदी असतात, शेजारच्या यंत्रावर माणूस असतो, कॅमेरा असतो. पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. त्या कक्षातल्या परिचारिकेने तोंड वाकडे होणे, हात गळणे, बोलणे अडखळणे ओळखले आणि ‘शेवटचा ठीक’ ही वेळ चिठ्ठीवर लिहून पाठवली, तर पुढच्या डॉक्टरचा पाऊण तास वाचेल. भोसरीतल्या वीस माणसांच्या वर्कशॉपला असा कक्ष नाही. तिथे पर्यवेक्षकालाच हे शिकवावे लागेल.

पहिला आक्षेप खर्चाचा आहे. हे श्रीमंत देशांचे तंत्र आहे, सार्वजनिक रुग्णालयाला झेपणार नाही, असे म्हटले जाते. ब्राझीलने ते आपल्या सरकारी आरोग्यव्यवस्थेतच तपासले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेझिलिएंट चाचणीत २२१ रुग्ण होते. स्वावलंबी होणाऱ्यांचे प्रमाण २० वरून ३५ टक्क्यांवर गेले. म्हणजे साधनांची चणचण असतानाही लाभ टिकतो. उपकरण एकदाच वापरायचे आणि महाग, हे खरे; भारतीय रुग्णांवरच्या ग्रासरूट चाचणीनंतर सुपरनोव्हा या स्टेंट रिट्रीव्हरला २०२५ मध्ये देशात मान्यता मिळाली, त्यामुळे किंमत खाली येण्याची वाट मोकळी झाली आहे. दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आशियाई रुग्णांत कवटीतल्या धमन्या चरबीने अरुंद होण्याचे प्रमाण अधिक असते. गुठळी काढली तरी तिथे पुन्हा अडथळा येतो, मग फुगा किंवा स्टेंट लागतो. युरोपातले आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लागू होतील असे मी म्हणणार नाही. म्हणूनच आपली स्वतःची नोंद हवी. पिंपरीतले महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, कर्मचारी राज्य विमा योजनेची रुग्णालये आणि खासगी रुग्णालये यांनी दर रुग्णामागे चार वेळा लिहाव्यात: शेवटचा ठीक, दारात, अँजिओग्राफी, पुढे रवाना. आणि तीन महिन्यांनी एक फोन, तो माणूस आज कामावर जातो का, हे विचारण्यासाठी. या परिषदेच्या ठरावात या पाच नोंदींचा मसुदा जोडलेला आहे. त्यावर आजच दुपारच्या सत्रात चर्चा घेऊन तो मंजूर करावा, अशी माझी आपणांस विनंती आहे.