गोल पत्त्यांची सावंतवाडी


आज बोलू या सावंतवाडीच्या गंजिफांविषयी.
गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते.

दशावतारी गंजिफांत 10 रंग, म्हणजे पानांचे गट, असतात.
एकेका अवताराचा एक.
मत्स्यावताराच्या पाचव्या पानावर पाच मासे.
पाचही हाताने काढलेले.

पत्ते बनवायची जुनी रीत कष्टाची आहे.
चिंचोके वाटून खळ करायची.
तिने पत्त्याचे थर चिकटवायचे.
वर खडूचा लेप द्यायचा.
मग दगडाने घोटायचे, गुळगुळीत होईपर्यंत.
रंग त्यानंतर.

छापील पत्ते स्वस्त झाले आणि ही कला मागे पडली.
तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी तिला आधार दिला.
सत्त्वशीलादेवी एका वयोवृद्ध चिताऱ्याकडून स्वतः शिकल्या.
राणीसाहेबांनी हाती कुंचला धरला, याचे मला फार मोल वाटते.
राजवाड्यातच कारागिरांना कामाची जागा मिळाली.

आता गंजिफा खेळणारे थोडे.
पण तेच अवतार दागिन्यांच्या डब्यांवर आणि पेट्यांवर उतरले आहेत.
तेही हातानेच, बरं का.

सावंतवाडीला गेलात, तर राजवाड्यात जरूर डोकावा.
गंजिफांची किंमत जास्त वाटली, तर कारागिरालाच विचारा,
एक संच रंगवायला किती दिवस लागतात.
दशावतारी संचात 120 पाने असतात.