लस बाधली तर दाद कुठं मागायची?

(नागपूर येथील कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आधीच सांगते, मी लसीच्या विरोधात बोलायला उभी नाही. देवी गेली, पोलिओ हटला, तो लसीमुळंच. लेकरांना अंगणवाडीत लस द्यायला न्या, असं वस्तीतल्या बायांना आपणच सांगतो. म्हणूनच हा प्रश्न आपला आहे: सगळ्यांच्या भल्यासाठी दिलेली लस क्वचित एखाद्या घराला बाधली, तर त्या घरानं काय करायचं?

औरंगाबादच्या एका वडिलांनी हा प्रश्न मुंबई हायकोर्टात नेला. त्यांची मुलगी दंतवैद्यक कॉलेजात शिकवायची. आरोग्य कर्मचारी म्हणून तिनं जानेवारी २०२१ मध्ये कोव्हिशील्ड घेतली आणि १ मार्चला ती गेली. मृत्यू लसीमुळंच झाला, असं म्हणत वडिलांनी एक हजार कोटींची भरपाई मागितली. ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टानं सरकारला आणि कंपनीला नोटिसा काढल्या. आणखी दोन तरुण मुलींचे आईबाप सुप्रीम कोर्टात गेले होते. त्यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं उत्तर दिलं: लस ऐच्छिक होती, भरपाई हवी तर दिवाणी कोर्टात जा.

दिवाणी कोर्टात कुणाची तरी चूक सिद्ध करावी लागते. मेख इथंच आहे. नर्स, डॉक्टर, कंपनी यांपैकी कुणीही चुकलेलं नसताना लस बाधू शकते. मग ग्राहक कोर्ट? जिथं सर्वांनाच सेवा फुकट मिळते तिथं ग्राहक कायदा लागू नाही, असं सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये ठरवलं. म्हणजे सरकारी केंद्रावर लस घेणाऱ्या गरीब बाईला तेही दार बंद.

चूक सिद्ध न करता भरपाई देता येते. २००५ मध्ये रमाकांत राय यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं आदेश दिला, आणि नसबंदीनंतर मृत्यू झाला किंवा शस्त्रक्रिया फसली तर पैसे देणारी योजना त्याच वर्षी आली. ब्रिटनमध्ये रोझमेरी फॉक्स या आईनं १९७३ मध्ये पालकांची संघटना बांधली. १९७९ मध्ये लसबाधितांसाठी कायदा झाला. दोन्हीकडे लोकांनी रेटा लावला, तेव्हाच सरकार हललं.

आपली मागणीही हीच हवी: बाळाच्या लसीपासून प्रत्येक लसीला असं संरक्षण, आणि पुराव्याचं ओझं आईच्या डोक्यावर नको.

वस्तीत मात्र आजपासून एक काम करा. लसीचं कार्ड, बॅच नंबर, दवाखान्याचे कागद बायांना जपून ठेवायला सांगा. त्रास झाला तर वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी नोंद करायला लावा, चौकशी अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागा. ‘लसीचा काही संबंध नाही’ एवढं तोंडी ऐकून कुणालाही घरी परतू देऊ नका.