आधी जनरेटर, मग पडदा



अध्यक्षाने गोड बोलावं असा संकेत आहे. तो मी पाळणार नाही. हा माईक पुन्हा माझ्या हाती येणार नाही हे मी जाणतो, आणि मी निवडून येऊ नये म्हणून ज्यांनी जंग जंग पछाडलं ते तर नक्कीच जाणतात.

विषय एकच, आपल्या रुग्णालयाची नवी इमारत. जुनी पाडायची की डागडुजी करायची हा वाद गळक्या छतानेच निकालात काढला. भांडण उरलं आहे ते जनरेटरचं. नव्या नकाशात तो तळघरात ढकलला आहे. का? तर तळमजल्यावर सभागृह हवं, सभागृहाला रंगमंच हवा, रंगमंचामागे रंगभूषेची खोली हवी. आणि डायलिसिस? तिसऱ्या मजल्यावर, एकुलत्या एका लिफ्टच्या भरवशावर!

अहो, हे चेन्नई आहे. 2015 च्या डिसेंबरात अड्यार नदी फुगली, एका नामवंत रुग्णालयात पाणी शिरलं, जनरेटर बंद पडले, अतिदक्षता विभागातले रुग्ण दगावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. 2023 च्या डिसेंबरात मिचाँग वादळाने पुन्हा गल्ल्यागल्ल्यांतून होड्या फिरवल्या. एवढं पाहूनही ज्यांना तळघर सुचलं त्यांचं नाव मी घेत नाही. ते दुसऱ्या रांगेत बसलेत.

डायलिसिस म्हणजे नुसती यंत्रं नव्हेत. एका रुग्णाच्या चार तासांना सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं. म्हणजे पाण्याचा प्रकल्प, टाक्या, पंप, आणि या सगळ्याला अखंड वीज. ती गेली आणि यंत्राच्या बॅटरीनेही दगा दिला, की परिचारिका हाताने पंप फिरवून नळ्यांतलं रक्त रुग्णाच्या अंगात परत घालते. त्या वेळी खाली तिसरी घंटा होत असेल, तर कोणता प्रयोग आधी थांबवायचा, हे सांस्कृतिक समितीने एकदा ठरवून सांगावं.

आमच्या खजिनदारांना मी यात ओढणार नाही. नकाशावर त्यांची सही आहे खरी, पण त्या दिवशी त्यांना चष्मा सापडत नव्हता.

रंगमंचवाले तंजावरचा दाखला देतात. तिथल्या आपल्या भोसले राजांनी नाटकं लिहिली, म्हणतात. लिहिली ना! शहाजीराजांनी लिहिली. दुसऱ्या सरफोजीराजांनी ‘देवेंद्र कुरवंजी’ लिहिलं. पण त्याच सरफोजींनी धन्वंतरी महाल उभारला, तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक एका छपराखाली आणलं. 1801 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून त्यांनी छत्रांसाठी, म्हणजे वाटसरूंच्या धर्मशाळांसाठी, रदबदली केली, ती आजारी वाटसरूला तिथे औषध मिळतं आणि अडलेल्या बाईचं बाळंतपण होतं, हे सांगूनच. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरला गेला तो 1803 मध्ये, म्हणजे त्या पत्रानंतर. आपल्याकडे इमारतीचा पाया खणला नाही, पण देणगीदारांच्या संगमरवरी पाट्यांचा मजकूर तयार आहे. शुद्धलेखनासकट नव्हे, एवढंच.

आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सरफोजींच्या काळातल्या डोळ्यांच्या रुग्णांची टिपणं आजही सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तिथल्या मोडी कागदांचे ढीग वाचायला माणसं मिळत नाहीत. आमच्या आजोबांची औषधांची वही मोडीतच होती. वडिलांना ती वाचता येत नव्हती, आम्हाला तर नाहीच. घर बदलताना ती रद्दीत गेली. मी मद्रास मेडिकल कॉलेजात शिकलो, डॉक्टर झालो, पण आजोबा तापाला काय देत होते ते मला आजतागायत कळलं नाही. मोडीचा वर्ग काढा म्हणून मी पत्रांवर पत्रं दिली. उत्तर आलं की खोली रिकामी नाही, तिथे जुने पडदे ठेवलेत. पुन्हा पडदे!

असो, पुन्हा इमारतीकडे येतो. सेंट्रल स्टेशनसमोरचं जनरल रुग्णालय बघा. 1664 मध्ये किल्ल्यात सुरू झालं, 1772 मध्ये आजच्या जागी आलं, आणि या शतकात जुन्या इमारती पाडून तिथे मनोरे उभे राहिले. साडेतीन शतकांच्या संस्थेला जुन्या भिंतींचा मोह आवरता येतो. गिंडीचं 1000 खाटांचं सरकारी रुग्णालय कोनशिलेपासून उद्घाटनापर्यंत सुमारे सव्वा वर्षात, जून 2023 मध्ये, पुरं झालं. आपल्या बांधकाम समितीला तेवढ्या वेळात फरशीचा रंग ठरवता आलेला नाही.

नाटकाशी माझं वैर नाही. नाटक भाड्याच्या सभागृहात होतं, या शहरात सभागृहांचा दुष्काळ नाही. डायलिसिस भाड्याच्या मांडवात होत नाही.

उद्या सकाळच्या सत्रात ठराव येईल: जनरेटर पुराच्या पातळीच्या वर, डायलिसिस पहिल्या मजल्यावर, दोन लिफ्ट आणि एक उतार, सभागृह उरलेल्या जागेत. मतदान हात वर करून आहे. नाश्ता लांबवून गणसंख्या मोडायचा बेत काहींनी केलाय, तो माझ्या कानावर आला आहे. तेव्हा खाऊन या, पण दहाच्या आत या.