पिवळ्या साक्याची साक्ष



जुन्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांनी ओळींमध्ये मधूनच पिवळा लेप पाहिला असेल. लेखनिकाच्या हातून अक्षर चुकले, की त्यावर हरताळ लावून ते झाकीत. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार त्यातूनच आला. हा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. माझ्या आजच्या विषयाचा धागा या पिवळ्या रंगातच आहे.

अज्ञात क्षारात कोणते आयन आहेत, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. रसायनज्ञ त्याचा द्राव करतो आणि एकेक अभिकारक घालून त्याला बोलते करतो. सोमलाच्या आम्लयुक्त द्रावातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला, की पिवळा साका खाली बसतो. रासायनिक दृष्ट्या हा हरताळच होय. परंतु कॅडमियमचा सल्फाइडही पिवळाच असतो. म्हणून साक्यावर अमोनियम कार्बोनेटचा द्राव घालतात. आर्सेनिकचा साका विरघळतो, कॅडमियमचा तसाच राहतो. पहिली परीक्षा संशय उत्पन्न करते. निर्णय दुसरीवर अवलंबून असतो.

या निर्णयावर कधी कधी माणसाचे प्राण अवलंबून असतात. १८३३ साली इंग्लंडमध्ये जॉन बोडल नावाच्या तरुणावर, आजोबांना कॉफीतून सोमल दिल्याचा आरोप होता. रसायनज्ञ जेम्स मार्श यांनी पिवळा साका मिळविला. पण न्यायालयात ज्यूरीसमोर येईपर्यंत तो बिघडून गेला. आरोपी निर्दोष सुटला. साक्षीदार खरा होता, पण तो टिकला नाही!

मार्श यांनी ही खंत मनात धरून १८३६ मध्ये नवी परीक्षा प्रसिद्ध केली. जस्त व विरल सल्फ्युरिक आम्ल यांत संशयित पदार्थ घातला, की आर्सेनिकचा हायड्रोजनशी संयोग होऊन वायू बनतो. तो पेटवून ज्योतीत थंड चिनी मातीची बशी धरली, की तिच्यावर चकचकीत काळपट डाग उमटतो. हा डाग न्यायालयात नेऊन दाखविता येई.

परंतु येथेही सावधगिरी हवीच. अँटिमनीही तसाच डाग देते. सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावात आर्सेनिकचा डाग विरघळतो, अँटिमनीचा विरघळत नाही. शिवाय जस्तात किंवा आम्लातच आर्सेनिकचा अंश असू शकतो. म्हणून संशयित पदार्थ न घालता, केवळ जस्त व आम्ल घेऊन एक कोरी परीक्षा आधी करावी लागते. दुसऱ्यावर आरोप ठेवण्यापूर्वी स्वतःची साधने निर्दोष आहेत ना, हे पाहण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

आज यंत्रे अत्यल्प अंशही क्षणात मोजतात. तरी कोरी परीक्षा त्यांनाही चुकलेली नाही. शंभर वर्षे ज्ञानाची जपणूक करणाऱ्या या वास्तूत एवढेच सांगावेसे वाटते, की पोथीतल्या चुकीवर हरताळ लावता येई. घाईने दिलेल्या निर्णयावर तो लावता येत नाही.