थांबलेले औषध

सुरत-भुसावळ लोहमार्गावर, नवापूर व नंदुरबार यांच्या दरम्यान, चिंचपाडा हे स्थानक लागते. अशा गावी एखाद्या बाईच्या ओटीपोटात कळ येऊ लागली, घडोघडी लघवीस जावे लागले, म्हणजे ‘उन्हाळे लागले’ असे म्हणून घरची माणसे धने-जिऱ्याचे पाणी देतात. बहुधा तेवढ्याने भागते. परंतु काहींची कळ वर्षानुवर्षे शमत नाही आणि लघवीत जंतूही सापडत नाहीत. मूत्राशयाच्या या चिवट दुखण्यावर हमखास औषध आजही नाही. मग नव्या औषधाची वार्ता कोठूनही येवो, रोगी तिकडे डोळे लावतात.

फायझर कंपनीचे टॅनेझुमॅब हे असेच एक औषध. एका लहान चाचणीत ते ३४ जणांना टोचले, ३० जणांना नुसते द्रव. सहा आठवड्यांनी पहिल्यांची कळ अधिक उतरली होती. पण २०१० साली संधिवाताच्या चाचण्यांतील काही रोग्यांचे सांधे इतके बिघडले की ते बदलावे लागले. अमेरिकन सरकारने प्रथम त्या व मागाहून मूत्राशयाच्याही चाचण्या थांबविल्या.

थांबविणे योग्यच होते. तरीही ज्याची कळ उतरली, त्यास ‘दुसऱ्याच्या गुडघ्यापायी आमचे औषध का गेले?’ असे वाटणारच. शिवाय आपलेही सांधे आतून झिजत नसतील ना, ही धास्ती. आपणांस औषध टोचले की नुसते द्रव, हेही बिचाऱ्यास पुष्कळदा ठाऊक नसते.

आपल्याकडील २०१९ च्या नियमांत, गुणकारी ठरलेले व पर्याय नसलेले औषध चाचणीनंतरही विनामूल्य देण्याची सोय आहे. मात्र त्यास चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांची शिफारस व नीतिसमितीची मान्यता लागते. धोक्यामुळे थांबलेल्या औषधास ती कोण देणार? टॅनेझुमॅबचा तर कंपनीनेच २०२१ साली नाद सोडला.