उन्हाचें माप

मराठी भाषेंत उन्हाला विशेषणांची वाण नाहीं. प्रातःकाळचें तें कोवळें, माध्यान्हीचें रणरणतें, सायंकाळचें उतरतें. परंतु या शब्दांवरून ऊन कसें लागतें एवढेंच कळतें. तें किती आहे हें कळत नाहीं. वैशाखांत अंगाची लाही होते, ती पुष्कळशी तापलेल्या हवेमुळें व भूमीमुळें. उलट पौषांतील निरभ्र दुपारीं सुखावह वाटणारें ऊन, सूर्यासमोर धरलेल्या पृष्ठावर मोजलें असतां, फारसें उणें भरत नाहीं. डोळ्याची बाहुलीही प्रकाश वाढला कीं आकुंचन पावते. म्हणून ज्याला उन्हाकडून काम करून घ्यावयाचें आहे, त्यानें देहाची साक्ष बाजूस ठेवून मापाचा आश्रय केला पाहिजे.

असें माप १८३७-३८ च्या सुमारास क्लोद पुये या फ्रेंच शास्त्रज्ञानें घेतलें. त्यानें एक चपटी डबी पाण्यानें भरली, तिचें सूर्याकडील तोंड काजळीनें काळें केलें व आंत उष्णतामापक बसविला. पांच मिनिटें सावलींत, पांच मिनिटें उन्हांत, पुन्हां पांच मिनिटें सावलींत ठेवून पाणी किती तापलें वा निवालें हें तो पाही. सावलींतील नोंदींमुळें सभोंवतींच्या हवेशीं होणारी उष्णतेची देवघेव हिशेबांतून वगळतां येई.

खरी अडचण वातावरणाची होती. तें कांहीं ऊन वाटेंतच शोषतें, कांहीं विखुरतें. सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर असतां किरणांना, तो डोक्यावर असतांना लागते त्याच्या सुमारें दुप्पट हवा ओलांडावी लागते. म्हणून पुयेनें दिवसाच्या निरनिराळ्या वेळीं मापें घेतलीं. हवेचा थर वाढतांच ऊन किती घटतें हें कळलें, म्हणजे थर मुळींच नसता तर तें किती असतें हेंही गणितानें काढतां येतें. त्याचें उत्तर आलें, दर चौरस सेंटिमीटरला मिनिटास सुमारें १·७६ उष्मांक. एक ग्रॅम पाणी सेल्सियसच्या एका अंशानें तापविणारी उष्णता म्हणजे एक उष्मांक. या हिशेबानें वर्षभराचें ऊन पृथ्वीभोंवतींचा सुमारें ३१ मीटर जाडीचा बर्फाचा थर वितळवील.

पुढें १८८१ सालीं सॅम्युएल लँग्ली हा अमेरिकन शास्त्रज्ञ अधिक सूक्ष्म उपकरण घेऊन माउंट व्हिटनी या उंच पर्वतावर गेला. तरी त्याचें उत्तर ३ उष्मांकांच्या जवळपास, म्हणजे फारच अधिक आलें; कारण हवेची भरपाई करणारें गणित चुकलें. विसाव्या शतकांत चार्ल्स ॲबट यानें तें सुधारून १·९४ च्या आसपास आणलें. आज उपग्रहांनीं ठरविलेलें मान चौरस मीटरला सुमारें १,३६१ वॅट, म्हणजे १·९५ उष्मांक आहे. उपकरण उत्तम असलें तरी हिशेब चुकला तर तें व्यर्थ होय.

या शक्तीचा मोह मुंबईसही पडला होता. १८७८ सालीं विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्यानें आरशांनीं ऊन एकवटून पाण्याची वाफ केली व तिच्यावर अडीच अश्वशक्तीचा पंप चालविला. पुढें १९५७ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासून हवामान खात्यानें पुण्यासह कांहीं ठिकाणीं ऊन नियमितपणें मोजण्यास आरंभ केला.

या नोंदींचें मोल आज घरोघरीं आहे. सौर पॅनेलवर लिहिलेली क्षमता चौरस मीटरला १,००० वॅट ऊन व पॅनेलचें तपमान २५ अंश असें धरून ठरविलेली असते. तितकें ऊन निरभ्र माध्यान्हींच मिळतें, आणि तेव्हां पॅनेल तापून वीज कांहींशी घटते. महाराष्ट्रांत १ किलोवॅटचें पॅनेल वर्षाच्या सरासरीनें दिवसाला सुमारें ४ युनिटच देतें. चोवीस तासांचीं २४ नव्हे. पावसाळ्यांत त्याहूनही कमी.

कर्ज काढून असा पंप बसविणाऱ्या शेतकऱ्याचा संसार या फरकावर तोलला जातो. त्यानें विक्रेत्याला “किती किलोवॅट?” एवढेंच विचारून थांबूं नये. “ढगाळ दिवशीं पाणी किती चढेल?” हेंही विचारावें, आणि उत्तर आंकड्यांत मागावें.